चार आडनांवांची तबकडी

वडिलोपार्जित पेढीची वांटणी होते तेव्हां जमीनजुमला, भांडींकुंडीं, दागदागिने हीं कशींबशीं वांटलीं जातात. घोडें अडतें तें पाटीवरील नांवापाशीं. तें कापून दोघांस देतां येत नाहीं. असाच पेंच विलायतेंतील एका गानमंडळापुढें 1989 सालीं उभा राहिला, आणि त्यांतून जी तबकडी निघाली ती आम्हीं नुकतीच पुन: सबंध ऐकली.

मंडळाचें नांव 'येस'. गायक जॉन अँडरसन व बेस गिटार वाजविणारा ख्रिस स्क्वायर ह्यांनीं तें 1968 सालीं लंडनमध्यें काढिलें. ह्या पंथाच्या संगीतास 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. तीन मिनिटांच्या सुटसुटीत गाण्यानें ह्या मंडळींचें समाधान होत नसे; 1972 च्या 'क्लोज टु द एज' ह्या तबकडीची एक सबंध बाजू एकाच रचनेनें व्यापिली आहे. तींत ह्या दोघांखेरीज गिटारवर स्टीव्ह हाऊ, पियानो-ऑर्गनादि वाद्यांवर रिक वेकमन आणि ड्रमवर बिल ब्रुफर्ड होते. ब्रुफर्ड त्याच वर्षीं 'किंग क्रिम्सन' मंडळांत निघून गेला. वेकमन तर दोनदां गेला! 1983 ची '90125' ही तबकडी निघाली तेव्हां घरांत दक्षिण आफ्रिकेचा ट्रेव्हर रॅबिन हा नवा कर्ता पुरुष झाला होता. तिच्यांतील एक चटकदार गाणें 1984 त अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. पैसा आला, नांव झालें. पण अँडरसनचें मन रमेना, व 1988 त तो बाहेर पडला.

बाहेर पडून त्यानें जुन्या तिघांस हांक मारली. वेस्ट इंडीजमधील माँटसेरात बेटावर, बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांमुळें प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज मार्टिनच्या स्टुडिओंत, काम चाललें. (1989 च्या सप्टेंबरांत 'ह्यूगो' वादळानें बेट झोडपलें व तो स्टुडिओ कायमचा बंद पडला.) वेष्टनावरील चित्र पूर्वीच्याच रॉजर डीनचें. सारें जुनें जमलें. फक्त स्क्वायर नव्हता, आणि नांव त्याच्याकडे होतें. तेव्हां चौघांनीं तबकडीवर आपलीं आडनांवेंच ओळीनें छापलीं: अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन, हाऊ. एकाद्या सॉलिसिटरांच्या पेढीचीच पाटी ती! तरीही स्क्वायरच्या पक्षानें, ह्यांनीं 'येस'चा उल्लेख करूं नये म्हणून, कोर्टाची पायरी चढलीच.

तबकडी कशी आहे? 'ब्रदर ऑफ माइन' ही दहा मिनिटांवर जाणारी रचना जुन्या थाटाची आहे: चाल बदलते, थांबते, पुन: उसळते, आणि हाऊची गिटार मध्येंच ओळखीच्या आवाजांत बोलूं लागते. 'बर्थराइट' हें गाणें आम्हांस सर्वांत वजनदार वाटतें. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत 1950 नंतर ब्रिटिशांनीं अणुबाँबच्या चांचण्या केल्या, त्यांत तेथील मूळ रहिवाशांच्या भूमीची जी वाताहत झाली तिच्यावर तें आहे. 'द मीटिंग' मध्यें वेकमनचा पियानो व अँडरसनचा कंठ एवढेंच ऐकावें. उलट 'टीकबॉइस' हें वेस्ट इंडीजचा ठेका उसना घेऊन केलेलें गाणें आम्हीं तरी दुसऱ्यांदा लावणार नाहीं. ब्रुफर्डचे विजेचे ड्रमहि कानास कोरडे लागतात. हात उत्तम, पण नाद पत्र्याचा. बेस वाजविणारा टोनी लेव्हिन कसलेला खरा, परंतु स्क्वायरचा गुरगुरणारा बेस आणि अँडरसनच्या सुरास खालून सांवरणारा त्याचा दुसरा सूर, ही उणीव पानोपानीं नव्हे, कडव्याकडव्यांत भासते. हें कोर्टांत सिद्ध होण्यासारखें नव्हतें.

पुढें दोन्ही पक्ष एकत्र आले. दोहोंकडील गाणीं जोडून 1991 त 'युनियन' ही तबकडी निघाली. आठ जण एका रंगमंचावर उभे राहिले. वेकमननें तिचें नांव 'ओनियन' ठेविलें, कारण ऐकतांना आपल्या डोळ्यांस पाणी येतें म्हणे.

स्क्वायर 2015 त वारला. 2017 त अँडरसन व वेकमन एकदांचे 'येस' हें नांव लावून गाऊं लागले, आणि ह्या खेपेस त्यांच्या जोडीस होता तो रॅबिन! हाऊ मात्र दुसऱ्या 'येस' मध्यें होता. नांव मिळालें, तरी जाहिरातींत त्याच्या मागोमाग तिघांचीं आडनांवें छापावीं लागलींच.