काशीतला समुद्र आणि त्याची वाळू

काशीला गंगा आहे, समुद्र नाही. सर्वांत जवळचा बंगालचा उपसागरदेखील सरळ रेषेने मोजला तरी सुमारे सहाशे किलोमीटर दूर. तरीही दुर्गाघाटाकडील मराठी मंडळींच्या जुन्या वस्तीत, एका घराच्या माडीवर, मी समुद्र पाहिला आहे. माझ्या एका सेवानिवृत्त शिक्षक स्नेह्यांनी तो काचेच्या पेटीत सांभाळला होता. दोनशे लिटर पाणी, त्यात विरघळविलेले सात किलो सागरी क्षार, तळाशी चार बोटे वाळू, तीवर दोनचार खडक, आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारी क्लाउनफिशची एक जोडी, एवढा त्या समुद्राचा संसार होता.

सहा वर्षे तो सुखाने चालला. पुढे वाळू मळकट दिसू लागली. काचेलगत काळ्या रेघा उमटल्या. गृहस्थ स्वच्छतेचे मोठे भोक्ते. ज्येष्ठातल्या एका सकाळी त्यांनी जुनी वाळू सगळीच्या सगळी उपसून टाकली आणि तिच्या जागी पांढरीशुभ्र नवी वाळू अंथरली. पेटी आरशासारखी लखलखू लागली. तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे मेले.

स्वच्छतेने जीव जातो, हे त्यांना कित्येक दिवस पटेना. कोणालाही सहजी पटणार नाही. कारण वाळू म्हणजे निर्जीव वस्तू, शोभेसाठी तळाशी पसरलेली, अशीच आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे एका जुन्या प्रयोगावरून ध्यानात येते. 1877 साली श्लोझिंग आणि म्युंत्स या दोन फ्रेंच संशोधकांनी एका उभ्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली व तीतून सांडपाणी हळूहळू पाझरू दिले. प्रारंभी पाण्यातील अमोनिया जसाच्या तसा खाली उतरत राहिला. सुमारे तीन आठवड्यांनी मात्र तो नाहीसा होऊन त्याऐवजी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे रूपांतर थांबले; मातीचे धुवण घालताच काही काळाने ते पुन्हा सुरू झाले. काम वाळू करीत नव्हती. वाळूवर वस्ती करून राहिलेले सूक्ष्म जीव करीत होते. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे काढून दाखविले.

मत्स्यपेटीत हेच घडते. माशांच्या श्वासातून, विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. तो माशांना विषासारखा आहे. त्यातही समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे त्याची बाधा तेथे अधिक होते. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्यापासून बरेच सौम्य असे नायट्रेट बनवितात. वाळूच्या लक्षावधी कणांवर त्यांची वसाहत असते. ती वाढावयास आठवडे लागतात. उपसून टाकावयास एक सकाळ पुरते. आमच्या स्नेह्यांनी घाण म्हणून जी बाहेर टाकली, तीच त्या घरातली निम्मीअधिक सफाई करणारी मंडळी होती.

मग काळ्या रेघा कशाच्या? वाळूच्या खालच्या थरात प्राणवायू पोहोचत नाही. तेथे निराळ्याच जातीचे जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू विषारी आहे. लोहाशी त्याचा संयोग होऊन काळा रंग येतो. थर जागच्या जागी असेपर्यंत सहसा उपद्रव होत नाही. परंतु एकदम ढवळला तर वायू पाण्यात पसरतो. म्हणजे स्नेह्यांनी एकाच वेळी विष मोकळे केले आणि सफाईदार हाकलून दिले. वर ज्येष्ठातली काशी! पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि माशांना तर तो अधिक लागतो.

वाळू कधीच बदलू नये, असा याचा अर्थ नव्हे. ती बदलावी, पण बेताने. त्यासाठी थंडीचे दिवस निवडावेत. आदल्या दिवशी शुद्ध पाण्यात सागरी क्षार मिसळून, ते हलते ठेवून, पेटीतल्याइतक्याच खारटपणाचे व उष्णतेचे पाणी सिद्ध करावे. येथे स्वयंपाकाचे मीठ उपयोगी नाही; समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी अनेक क्षार असतात. नवी वाळू धुवण नितळ येईपर्यंत धुवावी. रुंद नळीने जुन्या वाळूचा सुमारे चौथा भाग पाण्यासह बादलीत ओढून घ्यावा, म्हणजे ढवळलेला गाळ पेटीत न राहता बाहेरच जातो. रिकाम्या जागी नळीवाटेच नवी वाळू अलगद तळाशी सोडावी आणि तीवर वरच्या थरातली मूठभर जुनी वाळू पसरावी. दुधाला विरजण लावतात, तसेच हे. मग तीनचार आठवडे थांबावे, अमोनियाची परीक्षा घेत राहावे, अन्न कमी घालावे, आणि पाणी निर्दोष ठरले तरच पुढचा भाग हाती घ्यावा. थर खोल व फारच काळा असेल, तर मासे व खडक जुन्याच पाण्याच्या दुसऱ्या पात्रात आधी हलवावेत.

समोरच्या तीरावर रेतीचे एवढे मोठे पात्र पसरलेले असताना वाळू विकत का घ्यावी, असे कोणी विचारील. गंगेची रेती मुख्यतः गारगोटीची व अभ्रकाची, गाळ धरून ठेवणारी. समुद्राच्या पेटीला प्रवाळांची किंवा शिंपल्यांची चुनखडीयुक्त वाळू मानवते. तिचा थोडा अंश विरघळून पाण्याचा अल्कधर्म सांभाळावयास साहाय्य होते. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकावे. फेस आला तर ती चुनखडीची समजावी.

पावसाळा ओसरला म्हणजे काशीचे घाट गाळाखाली दडलेले असतात, आणि पंपाच्या धारेने तो गाळ धुऊन काढतात. दगडी पायऱ्यांना ते सोसते. ज्या तळावर दुसऱ्याचे जीवन उभे आहे, तो मात्र असा धुता येत नाही. आमच्या स्नेह्यांनी पेटी मोडली नाही. तीच वाळू ठेवून, सहा आठवडे वाट पाहून, त्यांनी पुन्हा एक जोडी आणली. पुढे काही वर्षांनी ती वाळू बदलावयाची वेळ आली, तेव्हा कार्तिकात आरंभलेले काम त्यांनी माघात संपविले. एकही मासा दगावला नाही. पेटी आता पूर्वीइतकी लखलखत नाही, असे ते सांगतात. आणि ते सांगताना त्यांच्या स्वरात समाधान असते.