केस चालू, सोलर बंद?

घरावर सोलर बसवलं की पहिले काही महिने आपण जाम खूश असतो. मोबाइलवर ॲप उघडायचं, आज किती युनिट झाले ते बघायचं आणि लंच टाइमला अख्ख्या ऑफिसला दाखवायचं! पण सिस्टिम बंद पडली, बसवणारा फोन उचलेना आणि मामला ग्राहक आयोगात गेला तर? निकाल लागेपर्यंत गच्चीवरचं ते धूड नुसतं उन्हात तापत ठेवायचं?

पुण्यात आमच्या घरी ३ किलोवॉटची सिस्टिम आहे. चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट वीज देणारी. एका पावसाळ्यात इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला, तो लागलाच. बसवणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि ‘पावसाचं पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही’ म्हणून निघून गेला. मग नोटीस, मग तक्रार. वीजबिल बाबांच्या पेन्शनमधून जातं. ते वैतागून म्हणाले, ‘‘अगं, तारखा पडतच राहतील. दुसरा माणूस बोलवून करून टाकू.’’ आमच्या वकीलबाई हसल्या. ‘‘काका, करा की! पण आधी पुरावा, मग पाना.’’

आधी पुरावा...

पहिलं काम फोटो आणि व्हिडिओ. एरर कोड, पॅनल आणि इन्व्हर्टरचे सीरियल नंबर, वायरिंग, सगळं. ॲपमधला महिनावार डेटा लगेच डाउनलोड करा. बऱ्याचदा त्याचा कंट्रोल बसवणाऱ्याच्याच अकाउंटवर असतो. मग त्याला ईमेल आणि स्पीड पोस्टनं कळवा, की अमुक दिवशी तपासणी आहे, हजर राहा. नाहीतर दुरुस्ती करून खर्च तुमच्याकडे मागू. आम्ही आठ दिवस दिले. कोणी फिरकलं नाही. तेही फाइलला लागलं.

तपासणी केसशी संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून करून लेखी रिपोर्ट घ्या. आमच्याकडे कनेक्टर जळालेला निघाला. त्याचे दोन भाग दोन वेगळ्या कंपन्यांचे! असे भाग एकमेकांत घट्ट बसत नाहीत, तापतात आणि पाणी आत घेतात. म्हणजे दोष पावसाचा नव्हे, बसवण्याचा. घाईनं बदलून फेकला असता तर हे कळलंच नसतं.

...मग पाना

जुना पार्ट तारीख घालून पिशवीत सील करा. गरज पडली तर आयोग वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो. दुरुस्तीचं पक्कं बिल घ्या. इन्व्हर्टरच गेला असेल तर त्याच्या उत्पादकाची वॉरंटी वेगळी असते, तिथे थेट तक्रार नोंदवा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सिस्टिम बसवली असेल, तर पहिली पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याचीच जबाबदारी.

आणि हो, स्वतः गच्चीवर चढून हिरोगिरी नको! उजेड आहे तोवर पॅनल वीज बनवतातच. घरचा मेन स्विच बंद केला तरी वरच्या डीसी वायरमध्ये शेकडो व्होल्ट असू शकतात.

कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. ५ लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर फी शून्य. केस चालू असताना अंतरिम आदेशही मागता येतो, म्हणजे ‘आधी दुरुस्त करून द्या, बाकीचं नंतर बघू.’ सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

आमचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर रोजचे बारा युनिट का सोडायचे?