खनिज हक्क
खनिज हक्क : जमिनीच्या पृष्ठावर किंवा पोटात असलेली खनिजे शोधण्याचा, काढण्याचा व त्यांची विल्हेवाट लावण्याचा अधिकार. हा अधिकार जमिनीच्या मालकीहून अलग असू शकतो. त्यामुळे जमीन विकत घेणाऱ्यास तीतील धातुक, दगड वा मुरूम आपोआप मिळतोच असे नाही.

जमीन ज्याची, त्याचे वर आकाशापर्यंत व खाली पाताळापर्यंत सर्व काही, हे इंग्लिश विधीतील जुने तत्त्व. त्याला इंग्लंडमध्येच अपवाद पडत गेले. सोन्यारुप्याच्या खाणी राजाच्या असल्याचा निर्णय १५६८ मध्ये झाला; खनिज तेल १९३४ च्या व कोळसा १९३८ च्या अधिनियमाने खासगी मालकीतून गेला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र खासगी मालक भूपृष्ठ स्वतःकडे ठेवून खनिजे विकू शकतो किंवा याच्या उलटही करू शकतो. तेथे १९१६ च्या अधिनियमाने पशुपालक वसाहतवाल्यांना ६४० एकरांपर्यंत जमिनी दिल्या, पण खनिजे शासनाने राखून ठेवली. अशीच एक जमीन वायोमिंगमध्ये एका कंपनीने पुढे विकत घेतली व तीतील खडी कामगारवस्तीच्या रस्त्यांसाठी वापरली. खडी हेदेखील राखीव खनिजच होय, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ठरविले.

महाराष्ट्रात स्थिती अधिक स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये खनिजे कोठेही आढळली, तरी त्यांवरील हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवलेला आहे. सातबाराच्या उताऱ्यावर नाव लागले म्हणून शेतातील मुरूम ब्रासच्या मापाने विकण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठी परवानगी व स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) लागते. विनापरवाना उत्खननास जबर दंड आहे. शहरी घरबांधणीतही हा प्रश्न उद्भवतो. पायाच्या खोदकामातील मातीवर पुणे भागात आकारणी झाली, तेव्हा केवळ खोदकाम पुरेसे नसून मातीचा उपयोग कशासाठी झाला हे पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले.

तथापि खनिजे सर्वत्र शासनाचीच, असे विधान भारतापुरतेही खरे नाही. मलबारमधील जन्मी जमीनदारांच्या दाव्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की कायद्याने मालकास वंचित केले नसेल, तर भूगर्भातील संपत्तीची मालकी सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबर जाते. मात्र अशा मालकासही खाणविषयक नियंत्रणांतून सुटका नाही. गोव्याचा इतिहास आणखी निराळा : पोर्तुगीज काळातील खाण-सवलती १९८७ च्या अधिनियमाने रद्द होऊन त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले.

खरेदीदाराच्या दृष्टीने खनिजांच्या मालकीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न प्रवेशाचा असतो. भारतात खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ अन्वये पट्टेदारास पट्ट्याखालील जमिनीत प्रवेश मिळतो व तेथील भोगवटादारास नुकसानभरपाई मिळते. खाणकामास साफ नकार देण्याचा सर्वसाधारण अधिकार मात्र त्याला नाही. खनिजप्रदेशातील जमीन घेताना मालकीचा शोध घेऊन थांबणे म्हणूनच अपुरे ठरते. त्या गट क्रमांकावर खाणपट्टा वा पूर्वेक्षणाचा परवाना आहे काय, याची चौकशी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याच्या कार्यालयात करावी लागते, कारण सातबारा पाहून याचा उलगडा होईलच असे नाही.