मोटारहोमचा तोल आणि तिची कुरकुर

शिरपूर, भद्रावती किंवा मुक्तागिरीच्या यात्रेला सहकुटुंब निघायचे, तर वाटेत सूर्यास्तापूर्वी घरचे जेवण आणि उकळलेले पाणी कोठे मिळेल, हा प्रश्न आधी पडतो. चाकांवरचे घर, म्हणजे मोटारहोम, व्यापारी कुटुंबांना आवडू लागले आहे ते मुख्यतः याच सोयीमुळे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यावर वर्धा जिल्ह्यातून लांबच्या प्रवासाला निघणेही सोपे झाले.

मात्र मिनीबसच्या सांगाड्यावर पलंग, ओटा, टाकी आणि कपाटे चढवली, की चालकाच्या दोन तक्रारी हमखास सुरू होतात. एक, गाडी तरंगते. शेजारून मालट्रक गेला की झोकांड्या खाते. दुसरी, ती कुरकुरते. त्यावर गॅरेजमध्ये मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे ‘मागे एक पाटा वाढवा’. हा सल्ला बहुधा घाईचा असतो. जादा पाट्याने बसलेली गाडी उचललेली दिसते, पण तिची अधिकृत भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही. रोग कायम राहतो आणि त्याचे लक्षण तेवढे झाकले जाते.

खरे निदान धरमकाट्यावर होते. हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या बाजारपेठेत कापसाचे वजन किलोकिलोने पाहणारी माणसे स्वतःच्या कुटुंबाची गाडी मात्र कधी काट्यावर घालत नाहीत, हे नवलच म्हणायचे. टाकीत पाणी, सिलिंडर, धान्य आणि माणसे असा प्रवासातला पूर्ण भार घेऊनच वजन करावे. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी; वजाबाकीने मागच्या आसाचा भार कळतो. हे आकडे कंपनीने दोन्ही आसांसाठी ठरवून दिलेल्या कमाल भाराशी ताडून पाहावेत. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. कापसाची एक गाठ १७० किलोची असते, हे ध्यानात घेतले की टाकीचे ओझे डोळ्यांसमोर येते.

हे ओझे कोठे ठेवले आहे, याला फार महत्त्व आहे. बैलगाडीत मागे जादा माल भरला की गाडी उलाळ होते, हे कोणताही शेतकरी सांगेल. मोटारहोमचेही तसेच होते. समजा, पुढच्या-मागच्या चाकांत पावणेचार मीटर अंतर आहे आणि मागच्या आसाच्या दीड मीटर पाठीमागे १०० किलो सामान ठेवले आहे. अशा वेळी मागच्या आसावर १४० किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरचा ४० किलोने घटतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सुटू लागते. म्हणून धान्य, बॅटरी आणि पाण्याची टाकी दोन्ही आसांच्या मध्ये, शक्य तितकी खाली आणि डाव्या-उजव्या बाजूंना सारखी वाटून असावी. टपावर बॅगा चढवणे टाळावे.

एवढे झाल्यावर टायरकडे वळावे. हवा प्रत्यक्ष भारानुसार आणि सकाळी टायर थंड असताना भरावी. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या टायरमधून दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. मोटारहोम वर्षातले बरेच दिवस उभीच असते. तिचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. टायरच्या कडेवरील चार अंकांत त्याचे वय असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. त्यानंतर शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ आहेत का, आणि गाडीचे कलणे आवरणाऱ्या आडव्या दांड्याचे रबरी बुश झिजले आहेत का, हे पाहावे. बुश बदलण्याचा खर्च किरकोळ असतो आणि फरक मात्र पहिल्याच वळणावर जाणवतो.

कुरकुरीचे दोन प्रकार आहेत. येळाकेळीला समृद्धी सोडून आतल्या रस्त्याला लागले की ते वेगवेगळे ऐकू येतात. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. गाडीची परीक्षा घ्यायला त्यांच्याइतकी चांगली जागा नाही. एकाने सावकाश गाडी चालवावी, दुसऱ्याने मागे बसून फळ्या व कपाटे हाताने दाबत जावे. दाबताच आवाज थांबला तर दोष घरातला. तेथे स्क्रू आवळणे, फळी आणि पत्रा यांच्यामध्ये नमद्याची पट्टी लावणे, बिजागरीला वंगण देणे आणि स्टीलच्या भांड्यांमध्ये कापड घालणे पुरते. रबराला मात्र साधे तेल किंवा ग्रीस लावू नये, ते फुगून खराब होते. सिलिकॉनचा फवारा वापरावा. गतिरोधकावर खालून ‘ठक्क’ असा आवाज आला तर तो कमानपाट्याचा, यू-बोल्टचा किंवा शॉकॲब्सॉर्बरचा. तेथे घरगुती उपाय न करता मिस्त्रीलाच बोलवावे. गॅसची नळी किंवा वीजतार पत्र्याला घासून आवाज येत असेल, तर त्याला कुरकुर म्हणून सोडून देऊ नये. झिजलेल्या तारेतून चालत्या घराला आग लागू शकते.

१ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी गेले, त्यांत वर्धा जिल्ह्यातलेही होते. उंच वाहन आडवे झाले की दार कोणत्या अंगाला दबेल, हे कोणाच्या हाती नसते. मोटारहोमला तर बहुधा मागच्या घराला एकच दार असते. म्हणून संकटकालीन खिडकीसमोर पलंग किंवा सामान कधीही येऊ देऊ नये, आणि ती आतून उघडते का, हे घरातल्या मुलांकडूनही एकदा उघडवून पाहावे. वेगाचा हिशेबही साधा आहे: ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने तेच वळण घेतले, तर गाडीला बाहेर लोटणारा जोर दीडपटीहून अधिक होतो.

दुरुस्तीनंतर शंभरेक किलोमीटर चालवून चाकांचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. यात्रेच्या आदल्या दिवशी, सारे सामान भरून झाल्यावर, गाडी पुन्हा काट्यावर न्यावी आणि त्या पावत्या गाडीच्या कागदपत्रांत लावून ठेवाव्यात.