फ्लाय फिशिंगचा पहिला संच
लेखांक ३

नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते. ते फेकले की तंगूस त्याच्या मागोमाग जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे, दोरा आणि केस गुंडाळून केलेली कृत्रिम माशी असते आणि तिला जवळजवळ वजनच नसते. तिला लांब नेणारे वजन दोरीत असते. त्यामुळे खरेदीची सुरुवात काठीपासून नव्हे, दोरीपासून होते.

दोरीचे वजन क्रमांकाने सांगतात. पहिल्या ३० फुटांचे वजन हे त्याचे माप : ५ क्रमांकाची दोरी सुमारे ९ ग्रॅम भरते, ८ क्रमांकाची साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. काठीवरही तोच क्रमांक छापलेला असतो. जड काठीवर हलकी दोरी चढवली तर काठी वाकत नाही, आणि काठी वाकल्याशिवाय फेक होत नाही.

क्रमांक कोणता, हे मासा ठरवतो. इंग्रजी पुस्तके नवशिक्याला ५ क्रमांक सुचवतात, पण तो सल्ला थंड ओढ्यांतल्या ट्राउटसाठी आहे. पालम तालुक्यातली गोदावरी दिग्रस बंधाऱ्यामुळे संथ आणि कोमट पाण्याची झालेली आहे. तिथला कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळाशी चरतो. कृत्रिम माशीकडे दोघेही क्वचितच वळतात. खरे गिऱ्हाईक मरळ. बेडूक आणि छोटे मासे हे तिचे भक्ष्य, आणि पाणवनस्पतींच्या आडोशाला ती दबा धरून असते. गळाला लागताच ती त्याच आडोशात घुसते, म्हणून तिला बाहेर ओढून काढणारी काठी हवी. ९ फुटी, ८ क्रमांकाची, चार तुकड्यांत सुटणारी कार्बनची काठी इथे योग्य ठरते. सोडल्यावर ती जेमतेम पाऊण मीटरची होते आणि एसटीत सहज मावते. फक्त चिलापी धरायची असेल तर ६ क्रमांक पुरे.

दोरी तरंगणारी आणि पुढच्या भागात जड असलेली घ्यावी. नवशिक्याला हीच सर्वांत सोपी जाते. मात्र बाजारातल्या बऱ्याच दोऱ्या थंड प्रदेशासाठी बनवलेल्या असतात. परभणीकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा त्यांचे आवरण मऊ पडून चिकट होते, दोरी काठीच्या कड्यांत अडकते आणि फेक जागीच मरते. उष्ण कटिबंधासाठी बनवलेली दोरी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी. हिवाळ्यातल्या सकाळी ती ताठरते आणि तिच्यात वेटोळी राहतात. हाताने ताणली की सरळ होते.

पैसे वाचवायचे तर रिळावर वाचवावेत. मरळ लांब धावत नाही, त्यामुळे रीळ म्हणजे दोरी ठेवायची जागा, एवढेच त्याचे काम. दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा नायलॉनचा लीडर लागतो. तो विकत मिळतो, पण ०.६०, ०.५० आणि ०.४० मिलिमीटरच्या तंगुसाचे तुकडे गाठींनी जोडून घरीही होतो. मरळीसाठी त्याची लांबी सहा-सात फूट पुरते. शेवटचा तुकडा ०.४० मिलिमीटरपेक्षा बारीक नसावा, कारण मरळीचे दात धारदार असतात.

माश्यांचा डबा भरण्याची घाई नको. तरंगणारी बेडकासारखी एक, छोट्या माशासारखी एक आणि चिलापीसाठी बुडणारी बारीक एक, अशा तीन प्रकारांवर हंगाम निघतो. पहिल्या दोन प्रकारांत गळाच्या टोकाला शेवाळ न अडकू देणारी तार असावी. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा सोडणे सोपे जाते, आणि नवशिक्याचा गळ बऱ्याचदा त्याच्याच कानाला लागतो. टोपी आणि चष्मा म्हणूनच संचाचा भाग समजावेत. छातीपर्यंतचे रबरी कपडे मात्र इथे निरुपयोगी. काठ काळ्या गाळाचा आहे आणि वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की पाणी अचानक वाढते. काठावरूनच फेकावे.

जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात. संच घेण्यापूर्वी तिची परवानगी विचारावी. सराव गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून शाळेच्या मैदानावर करावा. कापूस वेचलेल्या रानात नको, पऱ्हाटीच्या खुंटांनी दोरीचे आवरण सोलून निघते.