टाचणात न सापडणारा तास

प्राथमिक शिक्षकाला रोज एक वही लिहावी लागते. तिचं नाव टाचण. उद्या कोणता घटक घ्यायचा, साहित्य काय लागेल, स्वाध्याय कोणता द्यायचा, हे सगळं तिच्यात तासाआधीच लिहून झालेलं असतं. खाली मुख्याध्यापकांची सही. प्रत्यक्ष तासाला कोण कुठे अडलं, न शिकवलेली युक्ती कुणी काढली, यासाठी मात्र जागा नसते. असलाच तर शेऱ्याचा एक अरुंद रकाना, आणि त्यात बहुधा 'पाठ पूर्ण'.

ही उणीव कायद्याच्याही लक्षात आली होती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलं आणि महाराष्ट्रानं २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं ते पहिली ते आठवीला लागू केलं. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढल्या. आकारिक, म्हणजे शिकता-शिकताच करायच्या मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं ठरली, त्यात पहिलंच दैनंदिन निरीक्षण. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण आकारिकचे. शिवाय प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद.

कागदावर झकास. पण थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, पुढे मोबाइलवर पीडीएफ फिरू लागल्या. 'कविता तालासुरात म्हणतो', 'परिपाठात सहभाग घेतो'. मुलगी असेल तर 'म्हणते', 'घेते'. सत्र संपताना याद्या समोर ठेवून नोंदी उतरवल्या जाऊ लागल्या. शिक्षकांना नुसती नावं ठेवून भागत नाही. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, अधूनमधून मतदारयादीचं काम, यातून हाती उरलेल्या वेळात चाळीस मुलांची चाळीस वर्णनं कशी सुचणार?

मुळात नोंद आणि शेरा यांत फरक आहे. समजा, एका मुलानं ३२ वजा १८ बरोबर २६ असं लिहिलं. 'वजाबाकीत सुधारणा आवश्यक' हा झाला शेरा. 'दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन वजा केले' ही झाली नोंद. शेरा वाचून बाई आणखी दहा गणितं घालतील. नोंद वाचून त्या काड्यांचा गठ्ठा आणतील आणि दशक सोडून दाखवतील.

मराठी मुलांची अशी एक अडखळ २०१९ साली थेट विधानसभेत पोचली. 'तेवीस' म्हणताना आधी तीन ऐकू येतो, मग वीस. त्यामुळे पोर बिनदिक्कत ३२ लिहून मोकळं होतं. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीनं दुसरीच्या नव्या पुस्तकात 'वीस तीन' असा पर्यायही दिला. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. कोट्यांचा पाऊस पडला, भाषा बुडाल्याची ओरड झाली. 'वीस तीन' कानाला खटकतं, हे खरंच. पण त्यामागची अडचण काही समितीच्या बैठकीत जन्मलेली नव्हती, ती वर्गावर्गातल्या पाट्यांवर रोज उमटत होती. कितीजणांनी ती टिपून ठेवली होती, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारला नाही.

टिपलेलं कुणाला तरी दाखवावंही लागतं. केंद्रस्तरावरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षण परिषदा त्यासाठीच, पण परिपत्रकं वाचण्यात त्यांचा बराच वेळ जातो. १९८७पासून पुण्यातून निघणाऱ्या 'पालकनीती' मासिकात मात्र शिक्षक आपले वर्गातले अनुभव लिहीत आले आहेत, फसलेले प्रयोगही. न्यूझीलंडच्या बालवाड्यांत मार्गारेट कार यांनी रुजवलेली रीत आणखी वेगळी. तिथे शिक्षक मुलाबद्दल लिहितात ते एका छोट्या गोष्टीसारखं, पुष्कळदा त्या मुलालाच उद्देशून. ती घरी वाचली जाते, आणि घरचेही त्यात भर घालतात.

आपल्याकडे सुरुवात याहून साधी होऊ शकते. टाचणवहीचं मागचं पान उघडायचं, दिवसाला पाचच मुलं निवडायची आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहायच्या. विशेषणं टाळून, मुलानं जे केलं किंवा म्हटलं तेवढंच. चाळीसांच्या वर्गात प्रत्येकाची पाळी शाळेच्या आठ दिवसांत येते. आणि यादी बघितली की एखादं नाव असं निघतं, ज्याच्यापुढे लिहायला काहीच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी बाई आधी त्याच बाकापाशी जातात.