एका गाडीचा मालक

वऱ्हाडातील ज्या मुलखास इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत आणि पुढे यवतमाळ म्हणू लागले, त्याच्या पूर्वेकडील तालुक्यांतून आज जी अहोरात्र मालवाहतूक चालते, तिच्यामागे मोठमोठ्या कंपन्यांचेच भांडवल असावे, अशी परगावच्या माणसाची समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु वणीच्या लालपुलिया भागात भाड्याची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत अशाही गाड्या असतात, की ज्यांचा मालक आणि ड्रायव्हर एकच, आणि ज्यांच्या आर.सी. बुकावर मालकाच्या नावाखालीच कर्ज देणाऱ्याचे नाव चढलेले. १९५९ साली मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील रस्तावाहतुकीचा विचार केला, तेव्हाही तिला एकेका गाडीच्या मालकांचीच बहुसंख्या आढळली होती. दुसऱ्याच्या गाडीवर उमेदवारी केलेल्या ड्रायव्हरला स्वतःची गाडी घ्यावीशी वाटली, तर त्याने कोणत्या व्यवहारात पाऊल टाकले म्हणायचे, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

या जिल्ह्यात मालाचा तोटा नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी या खाणींतील कोळसा टिपरांनी रेल्वे सायडिंगपर्यंत जातो, आणि ज्यांनी तो लिलावात घेतला त्यांच्या डी.ओ.वर, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरवर, थेट कारखान्यांकडेही निघतो. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला आहे. दिवाळी सरली की जिनिंगमधून सुमारे १७० किलोंच्या कापसाच्या गाठी बाहेर पडू लागतात. आणि वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या गावांवरून पिंपळखुटीच्या नाक्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा सारा बाजार खुला करतो. अडचण आहे ती हा माल कोणाच्या हाती आहे, याची.

अमेरिकेत पुढचा घोडा, म्हणजे ओढणारा इंजिनाचा भाग, चालकाचा आणि मागचा ट्रेलर कंपनीचा, असा प्रघात सर्रास आढळतो. आपल्याकडे घोडा आणि ट्रेलर बहुधा एकाच मालकाच्या नावे असतात. दुसऱ्याचे असते ते गिऱ्हाईक. सिमेंटवाला किंवा कोळशाचा व्यापारी ज्या ट्रान्सपोर्टरला ओळखतो, त्याच्याकडे आपला हा नवा मालक गाडी अटॅच करतो, किंवा दलालाला कमिशन देऊन एकेका फेरीचे भाडे उचलतो. बिल्टी, म्हणजे माल स्वीकारल्याची पावती, ट्रान्सपोर्टरच्या नावाची, दर त्याने ठरविलेला, आणि रस्ता, टायर व जागरण मात्र गाडीवाल्याचे. रस्तेवाहतूक अधिनियम, २००७ अन्वये नोंदणी करावयाची आणि मालाच्या नुकसानीस जबाबदार राहावयाचे ते बिल्टी देणाऱ्या वाहकाने. परंतु हिशेब चुकता करताना मालाची तूट गाडीवाल्याच्या बाकीतून वळती करून घेण्याचा रिवाजही बाजारात आहे, म्हणून माल भरतेवेळी काट्याची पावती आणि नगांची मोजणी त्याने स्वतः पाहून घेतलेली बरी.

दस्तऐवजांचा पसारा लहान नाही. मालवाहू गाडी चालविण्याच्या परवान्यास वयाची २० वर्षे पूर्ण आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान १ वर्ष जुना असावा लागतो. नवी गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरसाल पासिंग, म्हणजे योग्यता-तपासणी, करून घ्यावी लागते. राज्याबाहेर जावयाचे तर नॅशनल परमिट हवे, आणि ते साध्या गाडीस १२ व बहुधुरी गाडीस १५ वर्षांच्या वयापलीकडे मिळत नाही. सबब स्वस्तात मिळाली म्हणून दहा वर्षांची जुनी गाडी घेणाऱ्याने तिच्या इंजिनाइतकेच तिच्या जन्मतारखेकडेही पाहावे. ४० टनांहून अधिक भाराच्या गाडीचा नुसता त्रयस्थ विमा २०२२ च्या दरपत्रकानुसार ४४,२४२ रुपयांचा, आणि त्यावर कर निराळा. राज्याबाहेर जाणाऱ्या ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालाबरोबर लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत साधारणतः दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. ती वाटेत संपली, तर मालाबरोबर गाडीही अडकून पडते.

पैशाचा ओघ याहून बारकाईने समजून घेण्याजोगा आहे. भाड्याचा काही भाग माल भरताना अॅडव्हान्स म्हणून मिळतो, तो डिझेलात आणि टोलात तत्काळ जिरतो; बाकीची रक्कम मिळते ती माल उतरवून सहीशिक्क्याची पोच परत आणून दिल्यानंतर, आणि तीही ट्रान्सपोर्टरच्या सवडीने. फायनान्सवाल्याचा हप्ता मात्र तारीख चुकू देत नाही. तो थकत गेला, तर तारण गाडी ओढून नेण्याचा आणि कायद्याच्या चौकटीत ती स्वतःच्या नावे करून घेण्याचा मार्ग धनकोला मोकळा असतो. हैदराबादेत गाडी खाली झाल्यावर तेथे दोन दिवस हॉल्टिंग सोसून बरे रिटर्न भाडे शोधावे, की मिळेल त्या दरात माल घालून घराकडे वळावे, हा निर्णय खरे पाहता बाजारभावापेक्षा हप्त्याची तारीखच करते. याच निकडीतून ओव्हरलोडचा मोह उपजतो. २०१८ साली धुरांवरील भाराची मर्यादा वाढवून मोठ्या ट्रेलरचे एकूण वजन ५५ टनांपर्यंत नेण्यात आले; तथापि २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड सांगितला आहे, आणि एकदा तो भरावा लागला की चार फेऱ्यांतील चोरटा लाभ एका नाक्यावर वाहून जातो.

परंतु नव्या मालकाची सर्वांत महागडी समजूत निराळीच असते. डिझेल, टोल, कमिशन आणि हप्ता वजा जाता जे हाती उरते, त्यासच तो नफा म्हणतो. पूर्वी दुसऱ्याच्या गाडीवर जो पगार आणि भत्ता त्याला मिळत असे, तो आता स्वतःच्या नावे खर्ची घालण्याचे त्याला सुचत नाही, आणि टायरांची झीज व गाडीची घटती किंमत यांची तर वहीत नोंदच होत नाही. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यास प्राप्तिकर कायद्याने ठोक हिशेबाची सवलत दिली आहे, तीत १२ टनांवरील गाडीची मिळकत एकूण भाराच्या दर टनामागे दरमहा १,००० रुपये धरली जाते. ५५ टनी ट्रेलर वर्षभर बाळगला, तर ६ लाख ६० हजार रुपये. तेवढे खरोखर हाती लागले नसतील, तर ते रीतसर हिशेब ठेवून दाखवावे लागते, आणि त्या हिशेबाचे लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. म्हणजे ज्याच्यापाशी वही नाही, त्याला सरकारने मानलेली मिळकत मुकाट्याने मान्य करणे भाग पडते.

शरीराचाही हिशेब आहेच. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने नोकर ड्रायव्हरास दिवसाला साधारण ८ तासांची मर्यादा घालून दिली. पण जो आपलाच मालक, त्याला पुरे म्हणणारा कोणी नसतो. २०२५ सालापासून नव्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. हे इष्ट खरे, तथापि चोवीस तास सुकाणू धरून केलेली फेरी कोणत्याही केबिनमध्ये सुरक्षित होत नाही.

म्हणून या धंद्यात पडू इच्छिणाऱ्या तरुणाने प्रथम दुसऱ्याच्या गाडीवर दोन-तीन हंगाम काढून कोणता ट्रान्सपोर्टर बाकी वेळेवर देतो, कोणत्या मार्गावर रिटर्न भाडे मिळते आणि पावसाळ्यात कोणत्या खाणीचा कोळसा मंदावतो, हे जाणून घ्यावे; गाडी घेतेवेळी निदान तीन हप्त्यांची रक्कम बाजूस ठेवावी; आणि प्रत्येक फेरीच्या खर्चात स्वतःचा पगार आधी मांडावा. असे करणाऱ्याला एखादे भाडे चालून आले आणि ते परवडत नसले, तर तो नाही म्हणू शकतो. ज्याला तसे म्हणता येत नाही, त्याचे नाव आर.सी. बुकावर कितीही ठळक असले, तरी तो दुसऱ्याच्याच गाडीवर पूर्वीहून कमी पगारात राबत आहे, असेच समजले पाहिजे.